हे बोटीत, मी पाण्यात

विमानात माझे पाय हलत होते. शेजारी बसलेल्या नवऱ्याने दोनदा गुडघ्यावर हात ठेवून ते थांबवले, तिसऱ्यांदा नुसतं माझ्याकडे बघितलं. मी काही मुद्दाम करत नव्हते. लग्न झाल्यापासून मी पायाचं शिलाईमशीन चालवते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, परकर, शाळेचे गणवेश, जे येईल ते. आता सगळ्यांनी मोटर बसवून घेतली, मी नाही घेतली. पाय रिकामे राहिले की माझं डोकं चालायला लागतं, आणि माझं डोकं चाललेलं आमच्या घरात कुणालाच झेपत नाही.

अंदमानला जायचं खूळ यांचं. नवऱ्याला मी लिहितानाही 'हे'च म्हणणार, इतक्या वर्षांची सवय लिहायला बसले म्हणून जात नाही. हे खरवईचे, शेतकरी घरातले. डिप्लोमा करून अंबरनाथच्या एका कारखान्यात लागले आणि शिफ्ट इनचार्जपर्यंत पोचले. मी शेजारच्या मोरिवलीची. आमच्या परसामागे कारखान्यांच्या भिंती, त्यामुळे त्यांच्या नोकरीचा वास मला लग्नाआधीपासून ओळखीचा होता. आता आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहतो, तिसऱ्या मजल्यावर. खालचे लोक पावसाळ्यात नदीच्या धास्तीने सामान माळ्यावर चढवतात तेव्हा आम्ही वर बसून स्वतःला शहाणे समजायचो. मग यांना खोकला सुरू झाला आणि तोच तिसरा मजला डोंगर झाला.

फुप्फुसं आकसत चालली आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. कशामुळे, ते कुणी सांगितलं नाही. धूळ असेल, धूर असेल, नशीबही असेल. औषधाने आहे तिथे थांबवता येईल, मागे नेता येणार नाही. यांनी नोकरी सोडली. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून हे दारांवरच्या पाट्या वाचतात, जणू इतकी वर्षं त्या घरांत कोण राहतं हेच ठाऊक नव्हतं. मीही शेजारी उभी राहून वाचते. दोघांनाही माहीत असतं आपण का थांबलोय.

घरी बसल्यापासून हे टीव्हीवर समुद्राखालचे कार्यक्रम बघायला लागले. माझ्या मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही म्हणून आवाज बंद करून. कुठला मासा रात्री बाहेर पडतो, कुठला रंग बदलतो, सगळं पाठ. एकदा समुद्राखाली जायचं, एवढंच एक ते मागत होते. या माणसाने आयुष्यात कधी काही मागितलं नाही. साखरपुड्याला अंगठी लहान झाली तेव्हासुद्धा करंगळीत घालून बसले होते.

तिकिटं काढली आणि मग आम्ही डॉक्टरांकडे विचारायला गेलो. ही आमची रीत, आधी करायचं आणि मग विचारायचं. विमान चालेल, बोट चालेल, पाण्याखाली अजिबात जायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. चला, प्रकरण मिटलं. रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "तू जा खाली. नीट बघ आणि वर येऊन मला सांग. मी बोटीत बसेन."

मला कुणी विचारलंच नाही. मला पोहता येतं, मामाच्या गावी उल्हास नदीच्या डोहात शिकले होते, पण पोहता येणं वेगळं आणि पाठीला हवेची टाकी बांधून तळाशी जाणं वेगळं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. नाही म्हणणार होते. पण त्यांनी ते अशा आवाजात सांगितलं होतं की जणू मी बाजारात निघालेय आणि येताना कोथिंबीर आण म्हणतायत. मोठ्या आवाजात मागितलं असतं तर मी भांडले असते.  या आवाजाला मी हो म्हणाले आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

पोहायचे तयार कपडे मला पसंत पडेनात, म्हणून उल्हासनगरला जाऊन लायक्रा आणलं. तिथल्या सिंधी दुकानदाराकडून मी वर्षानुवर्षं अस्तर आणि लेस घेते. तो मला दादी म्हणतो. सिंधीत थोरल्या बहिणीला दादी म्हणतात हे कळेपर्यंत मी बरेच दिवस त्याच्यावर फुगून होते. कशासाठी हवं ते सांगितल्यावर त्याने कापड मोजता मोजता हात थांबवला. "दादी, इस उमर में लोग चारधाम जाते हैं," म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही जा, आणि माझ्यासाठी प्रसाद आणा. त्याने हसत हसत वीतभर कापड जास्तीचं दिलं. घरी येऊन मी लांब बाह्यांचा, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा पोशाख शिवला. शिवण इतकी बारीक घेतली की अंगाला कळू नये. पुढे बेटावर त्यांनी वरून त्यांचा जाड रबरी सूट चढवायला लावला आणि माझं ते शिवणकाम जगात कुणीच बघितलं नाही.

आता इथे आमच्याकडची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिने घातला. उल्हासनगरहून अंबरनाथकडे येताना वालधुनीचा पूल लागतो. वालधुनी म्हणायला नदी, वाहतं ते कारखान्यांचं सांडपाणी. पुलावर आलं की वास येतो, आणि आम्ही सगळे श्वास धरतो. कुणी ठरवून नाही, आपोआप. रिक्षात दोन बायका बोलत असतील तर पुलाच्या अलीकडे वाक्य अर्धं राहतं आणि पलीकडे तिथूनच सुरू होतं. बाहेरगावचा पाहुणा मध्येच गप्प झालेल्या आम्हाला बघून गोंधळतो. मोरिवलीत तर लहानपणी आमची पैज लागायची, कोण जास्त वेळ धरतो. कारखान्यांकडून वारा फिरला की आई पोळ्या लाटता लाटता तोंड मिटायची, आम्ही पाटीवर लिहिता लिहिता. पुढे पुढे वास नसला तरी मी श्वास धरायला लागले. कापडावर कात्री चालवताना, सुईत दोरा ओवताना, यांच्या खोकल्याची उबळ थांबायची वाट बघताना. काहीही अवघड समोर आलं की माझी छाती आपसूक बंद होते. हे मला स्वतःला माहीत नव्हतं. ते मला अंदमानात कळलं.

बेट सुंदर होतं हे मी नंतर बघितलेल्या फोटोंवरून सांगू शकते. तिथे असताना माझं कशातच लक्ष नव्हतं. सकाळी उठून मी हॉटेलच्या अंगणात फेऱ्या मारायचे. नारळाची झाडं, निळं पाणी, वाळूत तुरुतुरु पळणारे खेकडे, आणि मी पावलं मोजत. हे मात्र खुर्चीत बसून समुद्राकडे असे बघायचे की जणू तो पळून जाईल. मला त्यांचा राग यायचा आणि राग आल्याचा आणखी राग यायचा.

मला शिकवणारी मुलगी पंचविशीतली होती. तिथेच जन्मलेली, बंगाली घरातली, उन्हाने रापलेली, हिंदी बोलणारी. पहिल्या दिवशी तिने मला किनाऱ्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर बसवलं. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात नळी, पाठीवर टाकी. नाक मुखवट्याच्या आत बंद, श्वास फक्त तोंडाने. खुणा शिकवल्या, कानात दडा बसला तर नाक दाबून फुंकायला शिकवलं. आणि सगळ्यात आधी एक नियम सांगितला, की खाली काहीही झालं तरी श्वास रोखायचा नाही. घ्यायचा, सोडायचा, घ्यायचा, सोडायचा. बाकी सगळं चुकलं तरी ती सांभाळून घेणार होती.

मी मान हलवली आणि पाण्याखाली गेल्या गेल्या छाती बंद केली.

तिने माझ्या खांद्यावर टिचकी मारली. मी श्वास घेतला आणि परत धरला. तिने परत टिचकी मारली. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. वर आल्यावर तिने विचारलं, आंटी, आप सांस क्यों रोकते हो? मी म्हटलं, मी कुठे रोखते? मला खरंच वाटत होतं मी नीट श्वास घेतेय. किनाऱ्यावर बसलेले हे तेवढ्यात हसले आणि मराठीत म्हणाले, "पूल आला वाटतं." मला हसू आलं नाही. मी नळी तोंडात कोंबली आणि परत खाली बसले.

दुसऱ्या दिवशी बोटीने प्रवाळाच्या जागी गेलो. हे टोपी घालून बाकावर बसले, मांडीवर माझा टॉवेल. पाणी इतकं नितळ की बोटीची सावली खाली वाळूवर पडलेली दिसत होती. निघण्याआधी यांनी मला कानात हळूच सांगितलं, डावीकडे खडकांच्या कपारीत बघ, तिथे काहीतरी बसलेलं असतं. जणू ते तिथे जाऊन आले होते. मी मागच्या मागे पाण्यात पडले. त्या मुलीने माझी टाकी मागून पकडली आणि आम्ही दोराच्या कडेने खाली जायला लागलो.

म्हणजे ती खाली जात होती आणि मी वर येत होते. छातीत हवा भरून धरली की माणूस फुग्यासारखा तरंगतो, हे तिने आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती मला खाली ओढायची, मी श्वास धरायचे, परत वर. मला समोर फक्त तिचा हात दिसत होता, तोंडापासून पुढे नेत 'सोड, सोड' म्हणणारा. मला प्रवाळ दिसलं नाही, मासे दिसले नाहीत. कानात कळ आली, मी घाबरले आणि अंगठा वर करून वर जायची खूण केली. आणि वर येतानाही मी श्वास धरूनच होते. तिने मला घट्ट पकडलं आणि पोटात बोटं खुपसली, एकदा, दोनदा, माझ्या तोंडातून बुडबुडे सुटेपर्यंत.

पाण्याबाहेर डोकं आल्यावर ती पहिल्यांदा चिडली. बोटीच्या अगदी कडेला, यांच्या समोर. "आंटी, ऊपर आते टाइम सांस रोकोगे तो फेफड़ा फट सकता है," ती म्हणाली. "मज़ाक नहीं है ये."

मला बोटीत घेतलं. यांनी टॉवेल माझ्या खांद्यांवर टाकला आणि विचारलं, "काय दिसलं?" मी म्हटलं, काही नाही. "काहीच नाही?" काहीच नाही. "असू दे," म्हणाले. त्यांचा चेहरा मी बघितला नाही. परतीच्या वाटेवर ते पाण्याकडे बघत होते आणि मी माझ्या पायांकडे. पाय हलत होते, बोटीच्या फळीवर, टकटक टकटक.

संध्याकाळी किनाऱ्यावर आम्ही भांडलो. वाळूत चालताना यांना दम लागतो म्हणून आम्ही एका आडव्या पडलेल्या झाडावर बसलो होतो. हे म्हणाले, उद्या जाऊ नकोस. मी म्हटलं, का? म्हणाले, त्या पोरीने सांगितलं ते ऐकलंस ना. तुझी छाती चांगली आहे, ती चांगली राहू दे. घरात एक पुरे झालं.

मला इतका संताप आला. इतके दिवस मी घाबरत होते ते यांच्या एका वाक्यासाठी, आणि आता तेच मागे घेत होते. मी म्हटलं, मग आणलंत कशाला मला इथे? मी गिऱ्हाइकांचे कपडे अर्धवट टाकून आले. आता नाही गेले तर बदलापूरला परत जाऊन रोज एकमेकांची तोंडं बघायची, तुम्ही टीव्ही लावणार आणि मी मशीन, आणि त्या टीव्हीत मासा आला की मला आठवणार मी काही न बघता वर आले ते. ते म्हणाले, मी टीव्ही लावणार नाही. हे ऐकून तर मला रडूच आलं. टीव्ही लावणार नाही म्हणे. माझ्या या माणसाकडे सोडण्यासारखं उरलं होतं काय, तर हा टीव्ही, आणि तोही सोडायला निघाले होते, माझ्या भित्रेपणासाठी.

मी जाणार, असं सांगून मी तिथून उठले. उठून कुठे जाणार, थोडं पुढे जाऊन परत आले, कारण त्यांना एकट्याने वाळूतून चालत यायला जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माझ्या फेऱ्या सुरू होत्या. हे हातात ती तीन गोट्यांची डबी घेऊन बाहेर आले. फुप्फुसाच्या रुग्णांना देतात तीच, प्लॅस्टिकची. तीन नळकांड्यांत तीन गोट्या, नळीतून हवा आत ओढली की गोट्या वर चढतात. हे रोज सकाळी करतात. यांची एक गोटी चढते, दुसरी थरथरते, तिसरी कधी हलत नाही. खुर्चीत बसून ते म्हणाले, "जायचंच आहे ना? मग बस इथे."

त्यांनी नळी पुसून माझ्या हातात दिली. मी ओढली. तिन्ही गोट्या एकदम वर जाऊन टाळकन आपटल्या. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी नळी लगेच तोंडातून काढली. हे त्या गोट्यांकडे बघत होते, खाली येऊन स्थिर होईपर्यंत. मग म्हणाले, घेण्यात तुझी चूक नाही. सोडण्यात आहे. तू आत घेतेस आणि कुलूप लावतेस.

श्वास कसा सोडायचा हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. घ्यायला फार मिळत नाही, म्हणून आहे तो पूर्ण बाहेर टाकायला शिकवलंय त्यांना, ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतात तसं. त्यांनी मला करायला लावलं. मी केलं आणि मध्येच थांबले. परत केलं, परत थांबले. मला हातापायांना काही काम नसलं की हे असलं जमत नाही. शेवटी वैतागून म्हणाले, अगं मशीन चालवताना काय करतेस? लांब टीप मारतेस तेव्हा मध्ये थांबतेस का? मी म्हटलं, मध्ये थांबलं तर शिवण वाकडी येते. "मग मार टीप," म्हणाले.

मग मी एक पाय जमिनीवर दाबत तोंडाने मशीनचा आवाज काढला. साडीच्या फॉलची टीप, या टोकापासून त्या टोकापर्यंत, न थांबता. टोक आलं की श्वास आपोआप आत आला. परत टीप. हॉटेलचा माळी झाडांना पाणी घालायचं थांबून आमच्याकडे बघायला लागला. हेही माझ्याबरोबर फुंकर घालत होते. त्यांची टीप ब्लाउजच्या बाहीएवढी, माझी फॉलएवढी. मध्येच त्यांना खोकला आला आणि खोकला थांबायची वाट बघत मी नेहमीसारखा श्वास धरला. खोकता खोकताच त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला.

त्या मुलीला मी आणखी एकदा प्रयत्न करते म्हटलं तेव्हा ती आधी नाही म्हणाली. मग उथळ पाण्यात बसवून माझी परीक्षा घेतली. मी नळीतून गुर्रर्र करत टीप मारत होते. बुडबुडे ओळीने निघत होते. तिने पाण्याखाली हात जोडले, वर येऊन पोट धरून हसली, आणि आम्हाला बोटीत बसवलं.

मी खाली गेले. दोर धरून, टीप मारत. तरंगले नाही. कानात दडा बसला, नाक दाबून फुंकलं, सुटला. माझ्या गुडघ्यांखाली वाळू आली तेव्हा कळलं की तळ आलाय.

डावीकडे कपारीत खरंच काहीतरी बसलेलं होतं. शेवंड. मोठ्या कोळंबीसारखी, तिच्या लांब मिशा हलत होत्या. मी पहिली नोंद केली, शेवंड सांगायची. मग मी घाईघाईने गोळा करायला लागले, बाजार उठायच्या वेळी भाजी भरतात तशी. प्रवाळ कुरतडणारा हिरवा-गुलाबी पोपट मासा, त्याचा कुर्रकुर्र आवाज पाण्यात चक्क ऐकू येत होता, हे यांना नक्की सांगायचं, यांचा टीव्ही मुका असतो. समुद्रफुलाच्या झालरीसारख्या बोटांत लपलेले केशरी छोटे मासे. जांभळ्या ओठांचा मोठा शिंपला, माझी सावली पडल्यावर मिटला. अंगभर काटे पसरलेला एक तपकिरी पट्टेवाला मासा, त्याच्याकडे बोट दाखवून मुलीने लांब राहायची खूण केली. वाळूत एक चपटी, पंख्यासारखी पाकट पडली होती. अंबरनाथच्या बाजारात मी ती नेहमी तुकडे केलेलीच बघितली आहे, आंबट तिखलं छान होतं तिचं. इथे ती वाळू झटकून उठली आणि कडा हलवत निघून गेली. मला जरा लाज वाटली, पण तिखलं आठवलं ते आठवलंच.

सगळं पाठ करत होते. शेवंड, पोपट, केशरी, शिंपला, काटेवाला, पाकट. परत पहिल्यापासून. एकही विसरायचा नव्हता. वर कुणीतरी बसून होतं.

मग वरून चांदीसारखे चपटे मासे आले. शेकडो असतील. आमच्या चहूबाजूंनी ते वळले आणि आम्ही मधोमध. त्या मुलीने माझा हात सोडला नव्हता. मी वर बघितलं तर बोटीचं पोट दिसलं, आणि कडेवरून वाकलेलं एक टोपीचं डोकं. त्यांना मी दिसत होते का कोण जाणे. माझे बुडबुडे तरी दिसत असतील. मी लांब टीप मारली आणि बुडबुडे त्या डोक्याकडे वर वर जाताना बघत राहिले. तेव्हा मला कळलं की माझे पाय हलत नाहीयेत. पाठ करायचं मी विसरून गेले होते. श्वास आत येत होता, खाली पोटापर्यंत जात होता, थंड, कोरडा, आणि कुठेच अडत नव्हता.

वर येताना मी टीप सोडली नाही. मुलगी दर हातभर अंतरावर थांबून माझ्याकडे बघत होती, आणि मी सोडत होते.

बोटीत चढल्या चढल्या मी सुरू केलं. मुखवटा गळ्यात, केस तोंडावर, नाकातून पाणी. शेवंड होती, तुम्ही म्हणालात तिथेच, मिशा एवढ्या एवढ्या. पोपट मासा, आणि आवाज ऐकू येतो, खरंच ऐकू येतो, तुमच्या टीव्हीत नाही येत तो. शिंपल्याचे ओठ जांभळे. हे टॉवेलने माझे केस पुसत ऐकत होते, हं हं करत होते. पाकट उठली कशी ते मी दोन्ही हातांनी करून दाखवलं. पुढे काय होतं ते आठवेना म्हणून मी थांबले आणि चिडून कपाळावर हात मारला.

यांनी माझा हात खाली घेतला. आम्ही एकटे असलो की आमची बोली निघते, खरवई-मोरिवलीची. त्या मुलीला ती कळणार नव्हती, तरी ते अगदी हळू बोलले.

"मासे मी बघितलेत गं. श्वास कसा व्हता? तवरा मना सांग."

माझ्या तोंडात केशरी मासे तयार होते. ते तसेच राहिले. मला वाटलं होतं यांना समुद्र बघायचाय. इतकी वर्षं शेजारी बसून मला कळलं नव्हतं की त्या मुक्या टीव्हीसमोर हा माणूस कशाकडे बघत असतो. माशांच्या मागून पोहणाऱ्या माणसांच्या तोंडून निघणाऱ्या त्या बुडबुड्यांकडे.

मी रडत होते, आणि अंगावर सगळं पाणीच होतं म्हणून ते कुणाला दिसलं नसावं. मी सांगितलं. लांब व्हता, म्हटलं. आत शिरला का थेट खाली पोटापर्यंत जायचा. मध्ये कुठं अडला नाय. वर काय टोचलं नाय. सोडला का सगळा जायचा, आणि परत तवराच यायचा, मागावा लागायचा नाय.

ते ऐकत होते. बोटीचं इंजिन अजून सुरू व्हायचं होतं. त्यांनी डोळे मिटले.

"परत सांग," म्हणाले.

मी परत सांगितलं.